जी म्हणजे येस नव्हे

आमच्या घरी मोठी माणसं बोलत असताना मध्ये मध्ये ‘जी’ म्हणायची पद्धत आहे. अब्बा काही सांगत असोत, समजावत असोत की रागावत असोत, समोरच्याने मुक्यासारखं उभं राहायचं नाही. वाक्य संपलं की ‘जी’. पुढचं वाक्य संपलं की ‘जी अब्बा’. या ‘जी’चा अर्थ एवढाच, की मी ऐकतोय आणि अदबीने ऐकतोय. पटलं, असा त्याचा अर्थ नाही. करीन, असा तर मुळीच नाही. वीस वेळा ‘जी’ म्हणून नंतर आपल्या मनासारखं करणारी मुलं खामगावच्या आमच्या मोहल्ल्यात घरोघर सापडतील, आणि त्यांना कुणी खोटारडं म्हणत नाही.

हा ‘जी’ मी नकळत इंग्रजीत नेला. तिथे त्याचा ‘येस’ झाला. त्याची किंमत मात्र दुसऱ्याने मोजली.

२०११ची गोष्ट. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मी नोकरीला होतो. नाव राहू द्या. गाड्यांचे लहान सुटे भाग आम्ही बनवायचो आणि जर्मनीला पाठवायचो. दर मंगळवारी दुपारी त्यांच्याशी कॉल असायचा. टेबलाच्या मधोमध तीन पायांचा तो काळा फोन, आणि त्याच्याभोवती आम्ही सहा-सात जण, विहिरीत वाकून बघावं तसे वाकलेले. त्या मंगळवारी पलीकडून एक बाई नमुन्याच्या मालाबद्दल सविस्तर सांगत होत्या. चाचणी कधी आहे, मशीन कोणत्या दिवशी मोकळं मिळणार आहे, उशीर झाला तर काय अडेल, सगळं. मी प्रत्येक वाक्याला ‘येस’ म्हणत होतो. येस, येस, येस. शेवटी त्यांनी विचारलं, मग चौदा तारखेला माल आमच्याकडे असेल ना? ओघात मी म्हणालो, ‘येस.’

मला म्हणायचं होतं, जी, ऐकलं.

तासाभराने मीटिंगचं टिपण ईमेलवर आलं. त्यात चौदा तारखेसमोर ‘कन्फर्म्ड’ असं लिहिलेलं. त्या भागांवर मुलामा चढवण्याचं काम बाहेरच्या एका लहान युनिटकडे होतं आणि त्यालाच आठ दिवस लागायचे. माल पोचायला बावीस उजाडणार हे मला ठाऊक होतं. त्याच दिवशी दोन ओळींची ईमेल टाकली असती तरी निभावलं असतं. पण दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा, आणि तोही इंग्रजीत, या विचारात दिवस गेले.

माल बावीसला पोचला. मग आढावा बैठक झाली. माल पाठवण्याच्या कामावर देऊळगाव राजाचा एक मुलगा होता, कंत्राटी, दीड वर्ष झालेलं. आपल्या जिल्ह्याचा म्हणून माझ्या डब्यातला डबा. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, आठ दिवसांचा उशीर का? कुणीतरी त्या मुलाचं नाव घेतलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी तेव्हा काय करत होतो ते आजही लख्ख आठवतं. मी वाक्य बांधत होतो. ‘आय हॅव कन्फर्म्ड’ की ‘आय हॅड कन्फर्म्ड’? घटना आधीची, म्हणजे ‘हॅड’. की ‘इट हॅड बीन कन्फर्म्ड बाय मी’? कर्मणी प्रयोग ऑफिसात बरा दिसतो असं कुठेतरी वाचलं होतं. वाक्य जुळलं तोवर पडद्यावर पुढची स्लाइड आली होती. विषय होता कँटीनची कूपनं.

पुढच्या महिन्यात त्या मुलाचं कंत्राट वाढवलं नाही. कारण कुणी लिहून दिलं नाही, देतही नाहीत.

‘दॅट वॉज माय मिस्टेक.’ चार शब्द. चारही शब्द पाचवीच्या पुस्तकातले.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तोवर मी शाळा सोडली होती. चौथीपर्यंत मी उर्दू शाळेत, पाचवीपासून मराठी. म्हणजे ज्या वर्षी एबीसीडी गिरवली त्याच वर्षी मराठीचं शुद्धलेखनही. घरात दख्खनी, गल्लीत वऱ्हाडी, फळ्यावर पुस्तकी मराठी, आणि या सगळ्यांवरून उडी मारून इंग्रजीकडे जायचं. ही उडी शिकवणारं पुस्तक म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आमच्या गुरुजींचा तिच्यावर फार विश्वास, आणि माझ्या मनात आजही तिच्याबद्दल कृतज्ञता आहे. मला इंग्रजी वाचता येते ती तिच्यामुळे. पण तिची रीत नावातच आहे. आधी आपल्या भाषेत वाक्य घ्यायचं, मग एकेक वीट काढून पलीकडे नेऊन रचायची. वाचताना, लिहिताना हे चालतं, कारण कागद थांबतो. मीटिंग थांबत नाही.

पुढे डिप्लोमाला असताना रॅपिडेक्स घेतलं. तेच, कपिल देव ज्याची जाहिरात करायचा. त्यातले संवाद मी तोंडपाठ केले होते. दुकानात, स्टेशनवर, डॉक्टरकडे. त्या संवादांतली माणसं फार सज्जन असतात. एकाचं पूर्ण झाल्याशिवाय दुसरा तोंड उघडत नाही. नोकरी लागल्यावर कळलं की खऱ्या मीटिंगमध्ये असं कुणीच वागत नाही. तिथे बोलायची संधी कुणी ताटात वाढून देत नाही, ती दोन वाक्यांमधल्या फटीत शिरून घ्यावी लागते. आणि फटीत शिरणं हे आमच्याकडच्या संस्कारात बसत नाही. मोठा बोलत असताना मध्ये बोलणाऱ्याला आमच्याकडे ‘बदतमीज’ हा एकच शब्द आहे.

म्हणून मी म्हणतो, माझी अडचण इंग्रजीची जेमतेम अर्धी होती. राहिलेली अर्धी घरून आणलेल्या रीतीची होती, आणि तिच्यावर उपाय कुठल्याच पुस्तकात नव्हता.

गंमत अशी की माझ्याच घरात या विद्येत मुरलेला एक माणूस बसलेला होता. अब्बा इथल्या बाजार समितीत मापारी होते. ज्वारी, तूर, पुढे सोयाबीन. दादा पायलीने मापायचे तेव्हा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे; अब्बांच्या काळात काटा आला, पण वजन मोठ्याने पुकारायची रीत तीच. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला अडत्या, आणि मध्ये मापारी. शेतकऱ्याशी वऱ्हाडी, अडत्याशी हिंदी-मारवाडीची खिचडी, हमालांशी दख्खनी. अब्बा म्हणायचे, काट्यापाशी मापाऱ्याचा आवाज बारीक झाला की दोघांनाही शंका येते. आकडा चुकला तर लगेच तिथेच म्हणायचं, ‘थांबा, चुकलं, परत घेतो.’ पोतं गाडीवर चढलं की मग काही खरं नाही.

मी हे लहानपणापासून ऐकलं होतं. ते चाकणमध्ये उपयोगी पडेल असं कधी वाटलं नाही, कारण काट्यावर इंग्रजी नव्हती.

तसं पाहिलं तर खामगावला इंग्रजी बाजारामागूनच आली. १८७० साली जलंबहून इथवर कापसासाठी रेल्वेचा फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा. पण त्यावरून कापसाच्या गाठी मुंबईला आणि तिथून परदेशी जायच्या, आणि उलट दिशेने भाव, तारा, करारपत्रं यायची. ‘डू द नीडफुल’ ही आपल्याकडची ऑफिसातली इंग्रजी अशाच कागदांतून उरलेली आहे. विलायतेत ती जुनी होऊन गेली, आपण अजून जपून ठेवली आहे. मला तिचा राग नाही. तिच्यातला एक शब्द मात्र मी जपून वापरायला शिकलो, ‘डाउट’. आपण ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो तेव्हा आपल्याला फक्त शंका विचारायची असते. परदेशी माणसाला वाटतं, हा आपल्यावर संशय घेतोय.

त्या आढावा बैठकीनंतर मी दोन माणसांकडून शिकलो असं म्हणता येईल. पहिल्या आमच्याच ऑफिसातल्या कोइमतूरच्या बाई. त्यांचं व्याकरण माझ्यापेक्षा कच्चं होतं, हे मी खात्रीने सांगतो. तर्खडकरांनी त्यांच्या वहीवर लाल शाई सांडली असती. पण त्या मीटिंगमध्ये हात थोडा वर करून ‘वन मिनट’ म्हणायच्या आणि सगळे थांबायचे. मग त्या दोन सेकंद काहीच बोलायच्या नाहीत. विचार करायच्या. मला हे जादूसारखं वाटलं. मी आधी पूर्ण वाक्य बांधून मग फट शोधायचो. त्या आधी जागा अडवायच्या आणि मग वाक्य बांधायच्या. एसटीच्या खिडकीतून आधी रुमाल टाकतात ना, तसं.

दुसरं शिकणं पुण्यातल्या टोस्टमास्टर्सच्या एका क्लबात झालं. ही संस्था १९२४ साली कॅलिफोर्नियात सांता आना इथे राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थाने वायएमसीएच्या इमारतीत सुरू केली. पाच ते सात मिनिटांचं भाषण. पाच झाली की हिरवा दिवा, सहाला पिवळा, सातला लाल. आणि एक माणूस नुसता मोजायला बसतो, की तुम्ही किती वेळा ‘अँ’, ‘अं’ केलं. माझ्या पहिल्या भाषणात त्याने एकतीस ‘अँ’ आणि अठरा ‘अॅक्च्युअली’ मोजले. घरी येऊन मी हिला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मराठीत बोलताना मोजा की एकदा.’ मोजले. मराठीत ‘म्हणजे’ सव्वीस आले. तेव्हापासून इंग्रजीची धास्ती थोडी कमी झाली.

२०२० मध्ये ऑफिस घरून करायची वेळ आली आणि मी खामगावला परतलो. पुढे अब्बांच्या तब्येतीमुळे इथेच राहिलो. काम लॅपटॉपवर चालतं. दोन वर्षांनी एका लग्नासाठी देऊळगाव राजाला गेलो. तो मुलगा भेटला. आता मुलगा कसला, दोन पोरांचा बाप. बस स्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे. जेवण झाल्यावर त्याला बाजूला घेऊन मी सांगितलं, की त्या वेळी तारीख मी कबूल केली होती, चूक माझी होती. मराठीत सांगितलं. अकरा वर्षं लागली.

तो म्हणाला, ‘मले ठाऊक होतं भाऊ. मले वाटलं, तुमी बोलसान.’

एवढंच. मग त्याने मला पान खाणार का विचारलं.

त्या रविवारपासून आमच्या गच्चीवर मगरिबनंतर आठ-दहा मुलं-मुली जमतात. आधी माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी आल्या, मग गल्लीतली पॉलिटेक्निकची पोरं, मग दोन गल्ल्या पलीकडून देशमुखांकडची जुळी. फी नाही, फळा नाही. गावात ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’च्या पाट्या पुष्कळ आहेत. मला तो ‘फाडफाड’ शब्दच समजत नाही. फाडायला ते काय कापड आहे? मीटिंगमध्ये फाडफाड बोलणारा माणूस मी तरी उपयोगी पडताना पाहिलेला नाही. उलट ज्याच्या बोलण्यात थांबे असतात त्याचं ऐकून घेतात.

आम्ही पहिला महिना एकाच शब्दावर काढला. ‘जी’चे तुकडे पाडले. ऐकलं, समजलं, पटलं, करतो. घरच्या ‘जी’मध्ये हे चारही असू शकतात आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ऐकणारा ओळखतो. फोनवर चेहरा नसतो. म्हणून चौघांना चार वेगळे शब्द: ‘आय सी’, ‘अंडरस्टुड’, ‘आय अॅग्री’, ‘वी विल डू इट’, आणि शेवटच्याबरोबर तारीख असलीच पाहिजे. तारीख नसेल तर ते वाक्य म्हणायचंच नाही. एक जण जर्मन साहेब व्हायचा, भरभर बोलायचा, आणि दुसऱ्याने चुकून जरी ‘येस’ म्हटलं तरी बाकीचे ओरडायचे, ‘गया माल!’

त्याहून अवघड होतं ‘परत सांगा’ म्हणणं. मुलं मान डोलवतील, घामाघूम होतील, पण समजलं नाही असं म्हणणार नाहीत. लाज वाटते. एकदा मला मुशायरा आठवला. इथे उन्हाळ्यात मुशायरे होतात, रात्री दोन-अडीचपर्यंत माणसं बसतात. एखादा शेर आवडला की लोक ‘मुकर्रर!’ म्हणतात, म्हणजे पुन्हा. शायर खूश होऊन पुन्हा म्हणतो. आता बघा, तिथे पुन्हा म्हणायला लावणं हा बोलणाऱ्याचा मान आहे. मग साहेबाला ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ म्हणताना आपली मान खाली का जावी? त्या दिवसापासून गच्चीवर त्या वाक्याचं नाव ‘मुकर्रर’ पडलं. आता मुलं सहज विचारतात. फार झालं की मी वैतागतो, इतकं विचारतात.

आकड्यांवर मी हट्टाने वेळ घालवतो, कारण मीटिंगमधली खरी भांडणं आकड्यांवरून होतात. आपला लाख म्हणजे त्यांचे शंभर हजार, आपला कोटी म्हणजे दहा मिलियन; हे पाठ असूनही बोलताना जीभ अडखळते. ‘साडे’, ‘पावणे’, ‘अडीच’ हे आपले लाडके शब्द इंग्रजीत नाहीत. वेळ सांगताना तर खड्डाच आहे. इंग्लंडचा माणूस ‘हाफ ट्वेल्व्ह’ म्हणाला तर साडेबारा. पण जर्मन भाषेत अर्धे बारा म्हणजे बाराच्या अलीकडचा अर्धा, साडेअकरा! जर्मन माणूस इंग्रजी बोलताना कधी कधी तोच हिशेब सोबत आणतो. तेव्हा घड्याळातला आकडा सरळ सांगायचा, अकरा-तीस. तारखेलाही महिन्याचं नाव लावायचं, कारण सहा-सात म्हणजे आपल्याला सहा जुलै आणि अमेरिकेला सात जून.

उच्चारांवर मी फारसं बोलत नाही. आमची उर्दूवाली मुलं ‘इस्कूल’, ‘इस्टेटमेंट’ म्हणतात, मराठीवाली ‘वेरी’ आणि ‘व्हेरी’त गोंधळतात, आणि एकमेकांना हसून ती आपोआप सुधारतात.

प्रेझेंटेशन म्हणजे काय, हे समजावताना मी भेंडवळचं उदाहरण देतो. जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ. तिथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी करतात: मधल्या खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, भोवती अठरा प्रकारची धान्यं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचं निरीक्षण करून भाकीत सांगतात. ते खरं ठरतं का खोटं, हा वाद मला इथे घालायचा नाही. माझा स्वतःचा त्यावर विश्वास नाही. पण सांगण्याची रीत पाहा. समोर लांबून आलेले शेतकरी, काहींच्या हातात वह्या. सांगणारा प्रस्तावना करत नाही, स्वतःची ओळख करून देत नाही, ‘आपल्या बहुमूल्य वेळाबद्दल आभार’ मानत नाही. जून असा, जुलै असा, ऑगस्ट असा. मग कापूस, ज्वारी, तूर, एकेक पीक. ऐकणाऱ्याला जे हवं आहे ते, ज्या क्रमाने हवं आहे त्या क्रमाने, त्याच्याच शब्दांत. पाठीमागे पडदा नाही आणि त्यावरचं वाचून दाखवणंही नाही. आमची पोरं मात्र पडद्याकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून एकेक ओळ वाचत जातात. मी खालून ओरडतो, ‘भेंडवळ!’

हे सगळं गच्चीवर ठीक चालतं. खरी परीक्षा भाचीची झाली, गेल्या हिवाळ्यात.

ती एम.कॉम. आहे आणि इथल्याच एका कापूस व्यापाऱ्याकडे कागदपत्रं बघते. शेठजींना मारवाडी, हिंदी, वऱ्हाडी उत्तम येते; इंग्रजीची वेळ आली की ते भाचीकडे बघतात. बांगलादेशच्या एका सूतगिरणीला गाठी पाठवायची बोलणी चालली होती. ढाक्याहून व्हिडिओ कॉल होता आणि मालाची सगळी माहिती तिने इंग्रजीत द्यायची होती. दहा दिवस आम्ही त्याचीच तयारी केली. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये, मायक्रोनेअर, कचरा, ओलावा. आपली गाठ १७० किलोची. अमेरिकन हिशेबात गाठ ४८० पौंडांची, म्हणजे २१८ किलोच्या आसपास. आपला भाव खंडीचा, आणि खंडी साधारण ३५६ किलोची. नुसतं ‘पाचशे गाठी’ म्हटलं तर कुणाच्या गाठी, हे आधी ठरवावं लागतं. मी खरेदीदार व्हायचो आणि खवचट प्रश्न विचारायचो. नाना, म्हणजे माझे अब्बा, खाटेवरून ऐकत असायचे. त्यांना इंग्रजी येत नाही, पण दोनदा त्यांनी तिला टोकलं: ‘आकडा बोलते वक्त आवाज कायकू गिराती?’

तिला सगळ्यात भीती होती ढाक्याच्या लोकांची इंग्रजी फार चांगली असेल याची. मी तिला सांगितलं, इंग्रजी त्यांचीही घरची नाही. जगात रोज होणाऱ्या व्यापाराच्या कितीतरी बोलण्यांत दोन्ही बाजूंना इंग्रजी परकीच असते. फिनलंडच्या लीना लौहियाला-साल्मिनेन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकांनी २००५ साली, फिनिश आणि स्वीडिश कंपन्या एकत्र झाल्यावर त्यांची माणसं आपसात इंग्रजीत कसं काम करतात याचा अभ्यास केला होता. दोघांची नसलेली, कामापुरती सामाईक अशी ही इंग्रजी. तिला त्यांनी वेगळं नावच दिलं. तिकडे जपानमध्ये राकुतेन कंपनीने २०१० साली जाहीर केलं की आता कंपनीचं कामकाज इंग्रजीत, दोन वर्षांत शिका. तिथली माणसंही आपल्यासारखीच घामाघूम झाली असणार. भाचीला जपानचं काही वाटलं नाही. ‘मामू, मेरे शेठजी बाजू में बैठेंगे,’ ती म्हणाली. ‘उनका क्या?’

भीती ढाक्याची नव्हती तर.

कॉलच्या दिवशी मी तिच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो होतो, चहाच्या निमित्ताने. दार अर्धं उघडं. माल कसा आहे ते तिने नीट सांगितलं, आवाज पाडला नाही. एकदा ‘मुकर्रर’ही केलं. मग पलीकडून प्रश्न आला: ओलावा आठ टक्क्यांच्या आत, सगळ्या गाठी, दहा तारखेपर्यंत निघतील का? शेठजींना ‘टेन्थ’ तेवढं कळलं. मला त्यांचा हात दिसत होता. हो म्हण, हो म्हणून टाक, असा तो वरखाली होत होता. त्या आठवड्यात पाऊस पडून गेलेला, नव्याने आलेल्या कापसाचा ओलावा अजून तपासलेला नव्हता. हे तिला माहीत होतं, शेठजींनाही माहीत होतं.

ती म्हणाली, ‘वन मिनट.’

दोन सेकंद शांतता. माझ्या हातातला चहा सांडला.

मग ती म्हणाली, ‘आय कॅनॉट से येस टुडे. वी विल टेस्ट द मॉइश्चर. आय विल कन्फर्म ऑन थर्सडे, फोर ओक्लॉक युअर टाइम.’ तिच्या वाक्यात काळ, वचन, प्रत्यय काहीही चुकलं असतं तरी चाललं असतं. चुकलं नव्हतं.

पलीकडचा माणूस म्हणाला, ‘ओके. थर्सडे.’ आणि पैसे भरण्याच्या अटींवर बोलू लागला. ज्या जागेला मी इतकी वर्षं घाबरलो, ती जागा पलीकडच्या माणसाला जाणवलीसुद्धा नाही.

गुरुवारी ओलावा नऊच्या वर निघाला. गाठी उशिरा गेल्या, सगळ्या गेल्या नाहीत; उरलेल्यांचं पुढे गुजरातकडे काहीतरी झालं. पण त्या दिवशी कॉल संपल्यावर शेठजी बराच वेळ बोलत होते. मोठी पार्टी आहे, असं तोंडावर नाही म्हणायचं नसतं, आधी हो म्हणायचं मग बघता येतं, धंदा असा करत नसतात, तुला अजून पुष्कळ शिकायचं आहे. भाची टेबलावरचे कागद गोळा करत होती आणि त्यांच्या दर वाक्याला मान खाली घालून म्हणत होती, ‘जी शेठजी. जी.’